बाद मत

थोड्या मार्कांचा विषय माझा.
इतिहासाच्या पाठीला बांधलेला,
फेब्रुवारीत उरलेल्या तासांत उरकायचा,
ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद
एका श्वासात.

यंदा दिवाळीनंतरच सहावी ब ला म्हटलं,
करून बघू.
चपलांच्या खोक्याला चीर पाडली.
आडोशाला भारताचा जुना नकाशा
उलटा टांगला दोरीवर.
एकेक पोर त्याच्यामागे गेलं,
देशाच्या पाठीशी उभं राहून
काय ते ठरवून आलं.

उमेदवार तीन.
अल्तमश मनियार, चिन्ह पतंग.
दुर्वा गांगुर्डे, चिन्ह डबा.
तेजसला काही सुचेना, त्यानं घेतलं खोडरबर,
म्हणाला, निवडून द्या, गृहपाठ पुसून टाकतो.
टाळ्या सगळ्या त्यालाच.

मतं मात्र पतंगाला पंधरा,
डब्याला तेरा, खोडरबराला बारा.
एक चिठ्ठी उरली.
कुणाच्याच नावापुढे फुली नाही.
खाली पेन्सिलीनं, कागद फाटेल इतकं दाबून:
मुलींच्या संडासाला कडी नाही.

मी म्हटलं, बाद.
नियम तसाच आहे.
बाहेर सातपूरच्या कंपनीचा भोंगा झाला,
तो संपेपर्यंत कुणी बोललं नाही.
मग अल्तमशच उठला, नुकता निवडून आलेला:
"मत बाद, बाई. म्हणणंपण बाद का?"

कुणी लिहिलं, विचारायचं नव्हतं.
गुप्त मतदान मीच शिकवलेलं.
पण यमुना भोये बाकाच्या लाकडाकडे बघत होती.
पेठकडची पोर. जूनपासून
"हजर"पलीकडे शब्द नाही.
ती शाळेत पाणी पीत नाही, हे मला माहीत होतं.
का, ते मी विचारलं नव्हतं.

अर्ज लिहिला. विषय: कडी.
फारच छोटा दिसतो म्हणून तेजसनं
"बसवण्याबाबत" जोडलं.
नगरसेवकांची सही घेऊ, म्हणाले.
धड्यात दर पाच वर्षांनी निवडणूक होते.
आमच्या वॉर्डात तेव्हा नगरसेवकच नव्हता.
"मग धडा खोटा, बाई?"
धडा खरा आहे, म्हटलं. त्याला उशीर झालाय.
हे उत्तर मी कुठल्याच पेपरात
बरोबर धरलं नसतं.

विभागीय कार्यालयात जांभळा शिक्का बसला.
आवक क्रमांक दोन हजार तीनशे सतरा.
पोरांनी तो पाढ्यासारखा पाठ केला.
मग दर शनिवारी, शाळा सुटली की,
थंडीत स्वेटरच्या बाहीत बोटं ओढून
दोघं दोघं विचारायला जायची.
"फाइल वर गेलीय."
एकदा तेजस जिना चढून बघून आला.
वर गच्ची होती.

जानेवारीत अल्तमशनं रुमालातून कडी आणली.
त्याच्या अब्बांनी अंबडला, लेथवर,
जेवणाच्या सुट्टीत केलेली.
आणि वर्गात जुंपली.
लावून टाकू, म्हणाले अर्धे.
दुर्वा म्हणाली, आपण लावली की ते लिहिणार
काम झालं, आणि फाइल बंद.
त्यांचं काम आहे, त्यांनाच करू दे.
दोन्ही बाजू मला पटत होत्या,
म्हणून मी खडू हातात धरून नुसती उभी राहिले.

तेव्हा यमुना उठली.
"कडी आज लावा.
अर्ज मागं नका घेऊ."

हात मोजले. दुर्वाचा वर आला नाही.
तिचं म्हणणंही वहीत लिहून घेतलं,
तिनं ते दोनदा वाचून बघितलं,
एक काना दुरुस्त केला.

कडी लागली. थोडी तिरकी आहे, पण लागते.
अर्ज अजून वर आहे.
चिठ्ठी माझ्या हजेरीपटात.
निकाल विचारला तर आजही सांगते:
एक्केचाळीसपैकी चाळीस वैध, एक बाद.

मधल्या सुट्टीत नळाशी रांग लागते.
यमुना पाणी पिते,
आणि पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभी राहते.